मागची सीट

"थांबव गाडी! मला उतरायचंय."

त्यानं ऐकलं. ऐकलं हे तिला कळलं, कारण लगेच गाडीचा वेग वाढला.

हेल्मेट एकच होतं आणि ते त्याच्या डोक्यावर होतं. ती मागे बसली होती, सीटची कडी दोन्ही हातांनी घट्ट धरून. समोरचा ट्रक बघता बघता अंगावर आला आणि जेमतेम हातभर अंतरावरून मागे गेला.

"आधी सांग, कोण तो चष्मेवाला?"

"सांगितलं ना, औषधाच्या दुकानात माझ्याबरोबर कामाला आहे."

"मग त्यात एवढं हसण्यासारखं काय होतं?"

एका आजोबांनी खोकल्याचं औषध घेताना, "चव बघायला मिळेल का जरा?" असं विचारलं होतं, एवढंच. सांगायला तिनं तोंड उघडलं, तर वारा घशात शिरला. उत्तर आलं नाही म्हणून त्यानं गाडी आणखी पिळली. खरं सांगितलं तरी वेग वाढत होता, गप्प बसलं तरी वाढत होता.

"चुकलं माझं," ती त्याच्या पाठीला म्हणाली. "नाही हसणार परत."

तेव्हा कुठे वेग उतरला. "आता कसं!" म्हणत तो शीळ घालायला लागला. पुढे पेट्रोलपंप दिसल्यावर त्यानं गाडी आत घेतली.

"मागे बसलेल्यांनी उतरा," पंपावरची बाई म्हणाली.

ती उतरली. तिनं खांबाचा आधार घेतला.

"शून्य बघून घ्या," बाई त्याला म्हणाली आणि नळी टाकीत धरून हिच्याकडे वळली. "हातपाय केवढे कापतायत गं तुझे! काय झालं?"

"काही नाही हो," तोच हसत म्हणाला. "घाबरट आहे ती. गाडी जरा पळवली की संपलं."

बाई हसली नाही. "मी तिला विचारलं."

पेट्रोल भरून झालं. त्यानं सीटवर थाप मारली. "चल पिल्लू, बस."

नाही म्हणायचीही भीती वाटत होती. उद्या तो दुकानासमोर येऊन उभा राहील, फोनवर फोन करील, आईला काहीबाही सांगेल. पण पुन्हा त्या सीटवर बसायची भीती त्याहून मोठी होती.

"मी चालत जाते."

"नाटकं नकोत हं! अगं, राग आला की माझा ताबाच राहत नाही. माहितीये ना तुला?"

तिनं बाईकडे पाहिलं.

"जा तू," बाई म्हणाली. "चौकापर्यंतचा रस्ता दिसतो मला इथून. मी बघतेय."

ती रस्त्याच्या कडेनं चालायला लागली. मागे गाडी सुरू झाली आणि तिनं मान खांद्यांत ओढून घेतली. आवाज जवळ आला, अगदी शेजारी आला आणि तिथेच मंदावला. तो दोन्ही पाय जमिनीला टेकवत, तिच्या पावलाला पाऊल लावून गाडी चालवत होता.

"बस ना आता. लोक बघतायत."

ती थांबली नाही. बोलताना तिचा आवाज कापला, तरी ती बोलली.

"म्हणजे सावकाश चालवता येते तुला."