जमीन पूर्ववत

"बाई घरी नसंल ना?" टेम्पो बांधाशी उभा करत अबरारनं विचारलं.

"आज घाटनांदूरचा बाजार हाय. म्हणून तर आजचा दिवस धरला," साजिद म्हणाला आणि खाली उतरला.

टेम्पोत सिमेंटच्या गोण्या होत्या, पाण्याची टाकी होती, लांबलचक रबरी नळी होती आणि मागं काळ्या मातीचा ढीग. हे सगळं साजिदनं स्वतः जमवलं होतं. कंपनीला यातलं काही ठाऊक नव्हतं. अबरार त्याच्या बहिणीचा नवरा; टेम्पो त्याचा. फार न विचारता आला होता.

मागच्या हिवाळ्यात कोळशाच्या शोधात कंपनीनं या भागात खोल भोकं पाडली होती. मशीन चालवणारे वेगळे. साजिदचं काम त्यांच्या मागून जमीन होती तशी करून द्यायचं. तोंडाशी बसवलेला लोखंडी पाईप उपसायचा, भोक तळापासून सिमेंटनं भरायचं, खोदताना निघणाऱ्या गाळासाठी केलेला खड्डा बुजवताना खाली मुरूम आणि वर काळी माती टाकायची. भिवराबाईच्या रानात यातलं एकही धड झालं नाही. मशीन पुढच्या गावाला निघालं होतं, साहेबांचे फोनवर फोन येत होते. साजिदनं पाईप तसाच ठेवला, तोंडात गोणपाट कोंबलं, वर दगड ठेवून माती ओढली आणि फोटो काढून साहेबांना पाठवला. जमीन पूर्ववत.

निघताना भिवराबाईनं सगळ्यांना भाकरी आणि ठेचा खाऊ घातला होता. "माझ्या रानाची लई काळजी घेतली तुमी," असं म्हणाली होती. तो घास साजिदला तेव्हाच जड गेला.

मग उन्हाळ्याच्या तोंडाला मांजरसुंब्याच्या ढाब्यावर बंकट भेटला. भिवराबाईचा शेजारी, मशीनवर मजुरीला असायचा.

"भिवराबाईची हीर आटली की," बशीत चहा ओतत बंकट म्हणाला. "मोसंबीची बाग वाळाया लागली. आजूबाजूच्या हिरींना पाणी हाय. हिचीच कावून आटली, कुणाला कळंना."

साजिदला कळलं होतं. उघडं राहिलेलं भोक वरचं पाणी ओढून घेतं आणि खालच्या भेगांत सोडून देतं.  तो चहा अर्धा टाकून उठला. त्या दिवसापासून घरात नळाला पाणी आलं की त्याच्या डोळ्यांपुढं ती कोरडी विहीर यायची. बायको शाहीन विचारायची, "काय झालं?" तो म्हणायचा, "काही नाही."

आता मृग कोरडा गेला होता आणि तो पुन्हा त्याच रानात उभा होता.

"भाई, बाईला सांगून करायचं होतं," अबरार म्हणाला.

"सांगितलं तर विचारंल, कावून भरता म्हणून. मग काय सांगू?"

"खरं ते सांग."

साजिदनं कुदळ उचलली. "आधी भरू. मग सांगतो."

जागा शोधायला वेळ लागला नाही. गाळाच्या खड्ड्यावर मुरूम वर आल्यानं तिथं गवताची काडी उगवली नव्हती. तेव्हाच्या फोटोवरून मोबाइल जरा पलीकडची जागा दाखवत होता, पण मोबाइलचा काय भरवसा! उघड्या मुरमाच्या कडेलाच दगड होता. दगडाखाली गोणपाट आणि गोणपाटाखाली पाईप. कंपनीचा लाल पट्टासुद्धा पुसला नव्हता. भोवती दगडाचा राखाडी चुरा अजून तसाच. पाऊसच नाही, तर वाहून जाणार कसा?

साजिदनं आत खडा टाकला. खालून डुबुक आवाज आला.

"ऐकलंस?" तो अबरारला म्हणाला.  "बाईच्या विहिरीचं पाणी हाय हे. इथं गिळून बसलंय."

त्यांनी नळी आत सोडली. वाटलं होतं त्याच्या कितीतरी आधीच ती टेकली. आत ढासळलं असणार, साजिद मनाशी म्हणाला. एका परीनं बरंच झालं, माल पुरणार होता. मग दोघांनी सिमेंट कालवलं आणि तळापासून भरत आणलं. पाणी वर चढत गेलं, तोंडाशी आलं, बाहेर सांडलं. त्यामागून घट्ट करडा चिखल आला आणि पाईपच्या काठाशी येऊन थांबला.

साजिद तिथंच खाली बसला. किती दिवसांनी त्याला पोटभर श्वास घेता आला. मग उठून त्यानं मुरूम खरवडला, काळी माती पसरली, हातानं ढेकळं फोडली. अबरार नुसता बघत राहिला. इतक्या मायेनं साजिदनं कधी घरच्या परसातसुद्धा काम केलं नव्हतं.

उन्हं कलली तेव्हा बांधावर ट्रॅक्टर वाजला. बंकट चालवत होता, ट्रॉलीत भिवराबाई बसली होती. निसटून जायला वेळ होता. अबरारनं टेम्पोकडं बोट केलं. साजिदनं मान हलवली. आता सांगायचं, तोंडावर सांगायचं, असं त्यानं ठरवलं.

"अगं बया, साजिदभाऊ!" बाई दुरूनच ओरडली. "माती आणली व्हय? लई बरं केलं."

"भिवराबाई, मला तुमच्याशी बोलायचंय. माझ्या हातून..."

"आदी माझं ऐका. रागावू नका. तुमचं ते भोक आमी उन्हाळ्यातच गोट्यांनी भरून टाकलं, गुरांचा पाय जायचा म्हणून. तुमचा पाईप चांगला होता, तेवढा न विचारता उपसला आन् शेजारी नवी बोर पाडली, तिला घातला."

साजिदनं हातावरचं वाळलेलं सिमेंट पाहिलं. बंकट ट्रॉलीतून नवी कोरी मोटार उतरवत होता. भिवराबाईनं पिशवीत हात घालून नारळ काढला आणि पदरानं पुसून त्याच्यापुढं धरला.

"परवा पाणी लागलं बगा, भाऊ. घ्या, तुमच्या हातानं फोडा."