तीन पीळ

जोतीरामने दुधाची पिकअप कळंब्यातल्या गॅरेजच्या दारात लावली आणि खाली उतरायच्या आधीच तोंड सुरू केलं.

"शबनूर, दोनदा सेन्सर बदलला बघ. तरी गाडी तापली की दिवा लागतोय आन् चढाला जोरच घेत न्हाय. गडमुडशिंगीचं दूध घिऊन रस्त्यात हुबा ऱ्हातोय मी. दूध काय माझ्यासाठी थांबतंय व्हय?"

शबनूरने स्कॅनर जोडला. सायलेन्सरमधून जाणाऱ्या धुराचं तापमान सांगणारा सेन्सर चुकतोय, असं स्कॅनरचं म्हणणं. आधीच्या दोन गॅरेजवाल्यांनी एवढंच वाचलं होतं आणि सेन्सर बदलून ते मोकळे झाले होते. पुढं बघायचे कष्ट घेतो कोण!

तिचे वडील मीरासाब बाकड्यावर चहा पीत होते. नव्या गाड्यांचं वायरिंग त्यांनी कधीच लेकीवर सोपवलं होतं. स्वतः नटबोल्ट आणि क्लँप तेवढे बघायचे. पण गॅरेजमधून गाडी जाताना एकदा वाकून खाली नजर टाकायची, हा त्यांचा जुना नेम. लोंबती वायर दिसली की बारीक तारेनं बांधून टाकायचे, कुणी न सांगता. तारेला मोजून तीन पीळ आणि टोक आत वळवलेलं, पुढच्या माणसाच्या बोटाला लागू नये म्हणून. कळंब्यात या गोष्टीचं फार कौतुक होतं.

शबनूरने मीटर लावून सेन्सर तपासला. ठणठणीत होता. मग इंजिन चालू ठेवून तिने त्याची वायर जरा हलवली, तसा स्कॅनरवरचा आकडा उड्या मारायला लागला.

"सेन्सर बरा हाय, काका. वायरीत घोळ हाय."

इंजिन बंद करून, सायलेन्सरचा पाइप निवल्यावर ती गाडीखाली शिरली. वायरीवरून बोट फिरवत वळणापर्यंत गेली. तिथं वायर पाइपला घट्ट चिकटली होती आणि वरचं प्लास्टिक वितळलं होतं. ती लोंबू नये म्हणून कुणीतरी बारीक तारेनं पाइपलाच बांधली होती. तीन पीळ. टोक आत वळवलेलं.

शबनूर तशीच पडून राहिली. तिला फार वाईट वाटलं.

"घावलं का?" जोतीराम वरून ओरडला.

"वायर जळलीया. पाइपला टेकली हुती."

"टेकवली कुणी? नाव सांग त्याचं. गचांडीच धरतो!"

"उंदरानं वडली असंल, काका." तिने पकडीनं तार तोडली आणि मुठीत घेऊन बाहेर आली.

मीरासाबनी चहाचा ग्लास खाली ठेवला. लेकीच्या तोंडाकडे पाहिलं, मग मुठीकडे. हात पुढं केला. तिने तार त्यांच्या तळव्यावर ठेवली. वळवलेल्या टोकावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"जोतीराम, धर माझी गचांडी. म्हैन्यामागं क्लँप आवळाय आलतास, तवा मीच बांधली ही."

जोतीरामने आधी तारेकडं पाहिलं. मग हसत सुटला. "ज्याला हुडकतोय त्यो हितं चा पीत बसलाय व्हय! जाऊ द्या चाचा, चांगलंच कराय गेलतासा की."

"चांगलंच कराय गेलतो," मीरासाब म्हणाले. ते हसले नाहीत.

शबनूरने नवी वायर टाकली, पाइपपासून हातभर लांब. आकडा शांतपणे चढत गेला. जोतीराम हात हलवून निघून गेला. विषय संपला, असं शबनूरला वाटलं.

मीरासाबनी खिशातून फोन काढून तिच्यापुढं धरला.

"सयाजीला लाव. मग आकारामला. मग त्या हातकणंगल्याच्या डॉक्टरीणबाईला. नव्या गाड्या जेवढ्या आल्यात, तेवढ्या समद्यांना."

"काय सांगू, अब्बा?"

"गाडी घिऊन या म्हणावं." तार अजून त्यांच्या हातातच होती. "आन् का बोलावलंय, ते बी सांग."