शेंदराखालचा देव

नगरहून आलेल्या फौजदार डबीरांनी बूट देवळाबाहेर काढले, तेव्हाच रंगनाथ गुरव सावध झाला. पोलीस बूट काढून आत येतो, म्हणजे त्याला बराच वेळ बसायचं असतं.

डबीरांनी सभामंडपाच्या फरशीवर दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले. दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं जेवायच्या सुट्टीत आली होती. ती आणि सूर्यभान पाटील वाकून बघू लागले.

दोन्ही फोटोंत काळ्या पाषाणाचा भैरवनाथ उभा होता. हातात डमरू, गळ्यात मुंड्यांची माळ, उजव्या हाताची करंगळी तुटलेली. वाकून बघणाऱ्यांतल्या एकालाही तो आपला देव म्हणून ओळखू आला नाही. येईल कसा? गावाचा भैरोबा म्हणजे शेंदराचा भलामोठा गोळा आणि त्यावर चांदीचे दोन डोळे. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर लिंपलेला. ही शेंदराची खोळ देव पिढ्यांतून एखाद्या वेळीच आपल्या मर्जीनं टाकतो आणि गुरव लगेच नवा शेंदूर लिंपतो, म्हणून आतला देव गुरवाच्या घराखेरीज कुणाला माहीत नसायचा.

दोन वर्षांपूर्वी त्यानं ती टाकली, एकट्या रंगनाथासमोर. रंगनाथानं गावाला कळू दिलं नाही. मूर्ती एका व्यापाऱ्याला विकली, आणि तिच्या जागी ओढ्यातला दगड ठेवून त्यावर शेंदूर थापला. गावात हे त्याच्याशिवाय फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होतं. गोजरबाई या घडीला गाभाऱ्याच्या दाराशी निरांजन पुसत बसली होती. मघापासून एकच निरांजन पुसत होती.

"हा फोटो पन्नास वर्षांपूर्वीचा," डबीर म्हणाले. "तेव्हा खोळ पडली होती, आणि जुन्या देवळांची पाहणी करणारा एक साहेब नेमका इथं आला होता. सरकारनं छापलेल्या पुस्तकात आहे. आणि हा दुसरा लंडनच्या एका लिलावाच्या पुस्तकातला, यंदाचा."

"चोरली कुनी, त्ये बी छापलंय का साहेब?" पाटलांनी विचारलं. माणसं हसली.

"ते नाही. पण जगभरच्या पोलिसांची फ्रान्समध्ये एक कचेरी आहे. तिथली माणसं असली पुस्तकं आणतात, वर्तमानपत्रं कापतात आणि एकाशेजारी एक लावून बघत बसतात. खबऱ्या नाही, मारहाण नाही. जे साऱ्या जगाला उघड आहे, तेच वाचायचं. त्यांनी ही करंगळी जुळवली आणि दिल्लीला कळवलं. दिल्लीनं आम्हाला."

दोन वर्षं रंगनाथ गावाला भीत आला होता. पाटलांच्या नजरेला, शेजाऱ्याच्या कानाला, झोपेत बरळेल म्हणून स्वतःच्या तोंडाला. पुस्तकाला भ्यायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. जुन्या फोटोच्या कडेला मुंडासं बांधलेला एक माणूस हात जोडून उभा होता. तो त्याचा आजा होता.

"आतला देव एकदा बघावा लागेल," डबीर म्हणाले. "खोळ काढून."

वाकलेले पाटील ताठ झाले.

"खोळ देव टाकतो, साहेब," पाटील म्हणाले. "मानसानं काढायची न्हाई."

खडीवरची माणसं उठून गाभाऱ्याच्या दारात उभी राहिली. त्यांच्या हातांवर अजून दगडाची भुकटी होती. कुणी आवाज चढवला नाही, पण ती माणसं तिथून हलणार नव्हती. डबीरांनाही ते कळलं.

वाट पाटलांनीच काढली. "आमचा गुरव देवावर हात ठिवून सांगंल, आत त्योच देव हाय म्हनून. गावाला तेवढं बास हाय. तुमाला?"

डबीरांनी फोटोंकडे पाहिलं, मग माणसांकडे. "मलाही पुरे. तसा जबाब लिहितो आणि जातो. करंगळी तुटलेल्या मूर्ती काय, शंभर असतील."

सुटलो, रंगनाथाच्या मनात आलं. उठायचं, हात ठेवायचा, चार शब्द बोलायचे. आत तर दगड आहे. दगडावर घेतलेल्या शपथेला कोण विचारतो? गोजरबाईनंही डोळ्यांनी तेच सांगितलं.

माणसांनी त्याला वाट दिली. तो आत गेला. दिव्याच्या उजेडात चांदीचे डोळे त्याच्याकडे बघत होते. गेल्या साली लेक बाळंतपणात अडली, तेव्हा गोजरबाईनं ह्याच्यासमोरच डोकं आपटलं होतं, आणि लेक मोकळी झाली होती. यंदा गावाची विहीर आटली, तेव्हा ह्यालाच कौल लावला होता. ह्यानं ज्या जागेला उजवा दिला, तिथं खणल्यावर पाणी लागलं होतं. तेच पाणी रंगनाथ रोज ह्याच्या अंगावर घालत होता.

त्यानं हात उचलला. शेंदरापासून वीतभर अंतरावर तो तिथंच राहिला. तुरुंगाची भीती त्याला माहीत होती. गाव ठेचून मारील, ही भीतीही माहीत होती. पण आता त्याचा हात ज्या भीतीनं अडला होता, ती ह्या दोन्हींहून मोठी होती.

"ठिव की रं, रंगनाथ," पाटील म्हणाले.

"आवं, ठिवा," गोजरबाई कुजबुजली. "नुसता तर..." पुढचा शब्द तिच्याही तोंडून निघाला नाही.

रंगनाथानं हात मागे घेतला. "न्हाई जमत, पाटील. ह्याच्यावर हात ठिवून खोटं न्हाई बोलवत."

डबीर उठून दाराशी आले. "आत काय आहे, गुरव?"

"वढ्यातला दगड, साहेब. मी आनून बसिवला."

"आणि स्वतः आणलेल्या दगडाला इतका भितोस?"

रंगनाथानं शेंदराकडे बघत हात जोडले.

"आनला तवा दगडच हुता, साहेब."