चार इंचांची भिंत

ड्रिल भिंतीत शिरलं, आणखी शिरलं आणि मग एकदम हलकं झालं. मंजुषानं ते बाहेर ओढलं, तर भोकातून उजेड आला. बाथरूमच्या भिंतीतून उजेड यायचं काही कारण नव्हतं. पाठोपाठ आवाजही आला.

"कोन हाय?"

ड्रिल बादलीत पडता पडता राहिलं. आवाज शेजारच्या नवसाबाईंचा होता, आणि नवसाबाई दोन वर्षं तिच्याशी बोलत नव्हत्या. गच्चीवर वाळत घातलेल्या त्यांच्या कुरडयांवर मंजुषानं न बघता सतरंजी झटकली, एवढंच झालं होतं. पण तेव्हापासून जिन्यात समोरासमोर आल्या की दोघीही विजेच्या मीटरकडे बघत पुढे जायच्या.

"मी मंजुषा." ती भोकाजवळ तोंड नेऊन म्हणाली, "चुकून झालं, काकू. लागलं नाही ना तुम्हाला?"

"साबन लावत होते अंगाला. नाकाम्होरून लोखंड फिरत आलं." पलीकडे दोन तांबे पाणी ओतल्याचा आवाज आला. "करतीस काय?"

मंजुषाचं बाथरूम मुळात एवढंसं. शाम्पूच्या बाटल्या जमिनीवर, कपड्यांचा साबण खिडकीत, आणि घासायचा ब्रश रोज सकाळी नव्यानं शोधायचा. सुतार बोलवू, असं तिचा नवरा कुंदन वर्षभर म्हणत होता. शेवटी तिनंच मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला, बाजारातून टोमॅटोचे तीन जुने क्रेट आणले, घासूनपुसून लख्ख केले, भावाचं ड्रिल मागून आणलं आणि कुंदन कामावर गेल्या गेल्या सुरुवात केली. पलीकडे नवसाबाई असतील तर काय करायचं, ते व्हिडिओतल्या बाईनं सांगितलं नव्हतं.

"क्रेट लावतेय, काकू. सामान ठेवायला."

आता तक्रार होणार, सोसायटीची माणसं भोक बघायला येणार, हे तिनं मनाशी धरलंच होतं.

"उभे का आडवे?" भिंतीनं विचारलं.

"उभे."

"आडवे लाव. उभा क्रेट कलंडतो. तीस वर्षं पंचवटीत भाजी विकली मी, क्रेटचं मला कळतं. थांब, आधी लुगडं नेसू दे."

लुगडं नेसून झाल्यावर नवसाबाईंनी पलीकडून भिंतीला तळवा लावला. मंजुषा ड्रिल चालवायची आणि तळव्याला थरथर लागली की नवसाबाई म्हणायच्या, "बस." अशी सहा भोकं झाली. एकही आरपार गेलं नाही. दुपारपर्यंत तिन्ही क्रेट भिंतीवर आडवे बसले, बाटल्या वर गेल्या, आणि जमिनीची फरशी पिवळी आहे हे मंजुषाला बऱ्याच दिवसांनी दिसलं.

पहिलं भोक मात्र तसंच राहिलं.

संध्याकाळी कुंदन कामावरून आला आणि आंघोळीला गेला. क्रेट बघून खूश झाला. खूश झाला म्हणून नेहमीसारखं गाणं म्हणायला लागला. मध्येच गाणं तुटलं. पाचव्या मिनिटाला तो डोक्याला फेस तसाच ठेवून, टॉवेल गुंडाळून स्वयंपाकघरात उभा होता.

"भिंत म्हणाली, दुसरं कडवं चुकलं."

"चुकलं असेल," मंजुषा म्हणाली.

"ते बुजव. आत्ता बुजव. नाहीतर मी उद्यापासून गोदावरीवर जाईन आंघोळीला."

तो स्वतःच कोपऱ्यावरच्या दुकानातून पांढरं सिमेंट घेऊन आला. मंजुषानं ते वाटीत कालवलं, जुन्या सुरीच्या टोकावर घेतलं आणि भोकाशी नेलं. पलीकडे दिवा लागलेला होता.

"बुजवतीस व्हय?"

"हो काकू. ह्यांना लाज वाटते."

"बरोबर हाय. बुजव."

सुरी भोकाला टेकली, तेवढ्यात नवसाबाई पुन्हा बोलल्या. आवाज आता भिंतीच्या अगदी जवळ होता.

"मागल्या महिन्यात मी हितं पाय घसरून पडले होते. दीड तास उठता येईना."

मंजुषाची सुरी थांबली. "आम्ही तर घरातच असतो, काकू. हाक का नाही मारलीत?"

"तुझा मिक्सर चालू होता. म्हनलं, थांबला की मारते."

"मग?"

"थांबला. पन तवर आठवलं, आपलं बोलनं नाय."

पलीकडचा नळ ठिबकत होता. सुरीवरचं सिमेंट घट्ट होत चाललं होतं. मंजुषानं सुरी नळाखाली धरून स्वच्छ धुतली, वाटी बाहेर कुंदनच्या हातात दिली आणि ड्रिलची वायर पुन्हा प्लगात खोचली.

"काकू, जरा बाजूला सरा," ती खाली बसत म्हणाली. "फरशीजवळ अजून एक पाडते. परत पडलात तर हे वरचं फार उंच होईल."