फोन ठेवायची टपरी

हे लिहिणारच नव्हतो. कौतिक म्हणाला, लिही, फक्त डेपोचं नाव टाकू नको. म्हणून टाकत नाही.

त्या संध्याकाळी कौतिकच्या फोनवर भज्याचं तेल लागलेलं होतं.

डेपोत मोबाईल नेता येत नाही. आत दारूगोळा. गेटसमोर बेबाबाईची टपरी आहे, ती मूळची पहूरची. ठेकेदाराची सगळी पोरं सकाळी तिच्याकडे फोन देतात. ती लाकडी खणात लावून ठेवते, सुटी झाली की ज्याचा त्याला देते. मधल्या वेळात भजी तळते.

कौतिकने फोन पँटला पुसला आणि कॉल बघितले. दुपारचा एक कॉल होता. अनोळखी नंबर. उचललेला. चांगला लांब.

दुपारी तो आत पेट्या उचलत होता.

एरवी त्याने सोडून दिलं असतं. पण सोमवारी चुडामणचा डेपोत जायचा पास काढून घेतला होता. चुडामण त्यांच्याच टोळीतला, पेट्या उचलणारा. डेपोतली काहीतरी माहिती बाहेर गेली, एवढंच सगळ्यांना कळलं. गेटची सुरक्षा बघणाऱ्या सुभेदारसाहेबांनी पोरांना रांगेत उभं केलं. म्हणाले, ज्याच्या फोनवरून गेली त्याचा पास जाईल, आणि पास गेल्यावर चौकशी सुरू होईल, संपणार नाही. तेव्हापासून भज्यांच्या कढईभोवती कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं.

कौतिक साक्रीकडचा. पासवर खोलीचं भाडं, पासवर बहिणीचं लग्न. त्याने नवलला फोन दाखवला. दाखवायच्या आधी व्हॉट्सॲप बंद केलं. नवल त्याच्याच गावचा, एकाच खोलीत राहतात.

नवल अहिराणीत म्हणाला, "तिनीच उचला. दुसरं कोन शे तठे? बठ्ठासना फोन तिनाच हातमा ऱ्हातस."

"बेबाक्का कशाले करी असं?"

"नवा फ्रीज कसा उना मंग? भजा इकीसन?"

फ्रीज खरंच नवा होता. लाल, काचेच्या दाराचा. आता कौतिकला तो वेगळाच दिसायला लागला. मग बाकीचंही आठवलं. बेबाबाईला कोणाच्या बायकोचं नाव काय, कोणाची पाळी कधी बदलते, सगळं माहीत. दुपारी हवालदार चहाला येतो, त्याच्याशी हसून बोलते. हे सगळं आधीपण होतं. पण आधी ते नुसतं बेबाबाईचं वागणं होतं.

नवल म्हणाला, आजच सुभेदाराला नाव देऊन टाकू. जो आधी बोलतो तो सुटतो.

कौतिकने ऐकलं नाही. त्याने फोनमध्ये कॉल आपोआप रेकॉर्ड होण्याचं बटण चालू केलं, आणि दुसऱ्या सकाळी फोन रोजच्यासारखा तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "काय रे, झोपला नाही का रात्री? डोळे बघ." त्याला तिच्याकडे बघवलं नाही.

सुटी झाल्यावर दोघं दीपनगरच्या रस्त्याला, एका बंद गॅरेजच्या ओट्यावर बसले. कॉल आला होता. तोच नंबर.

नवल म्हणाला, "आयकाले काय शे त्यामा? चाल, पहिले नाव दी टाकू."

कौतिकने लावलं.

एक पोरगी बोलत होती. गोड आवाज. "कुरिअरमधून बोलतेय. कौतिक सर आहेत का?"

मग बेबाबाई. मागे तेल तडतडत होतं. "तो आतमध्ये आहे. काय काम?"

"पार्सल द्यायचं होतं. सर किती वाजता सुटतात? मेन गेटनेच येतात, की गाड्यांच्या गेटने?"

"पार्सल आहे तर टपरीवर आणून दे ना माय."

"त्यांच्याच हातात द्यायचंय. आज रात्रपाळी आहे का त्यांना? गाड्या भरायला?"

झारा कढईवर ठेवल्याचा आवाज आला. मग बेबाबाई म्हणाली, "मागच्या हप्त्यात चुडामणच्या फोनवर तू बँकवाली होतीस. त्याच्या आधी गॅसवाली. काल कुरिअर, आज पण कुरिअर. बाई, माझ्याकडे सगळ्यांचे फोन वाजतात. तुझा आवाज मला पाठ झाला. उद्या फोन कर, सुभेदारालाच बसवते इथे. त्याला विचार गाडी कधी भरते ते."

कॉल कटला.

त्या पोरीच्या आवाजातली व्हॉइस नोट कौतिकला रोज झोपताना येत होती. होळीपासून. ऋतिका. जळगावला नर्सिंगला आहे म्हणायची. आज थकलास का, विचारायची. कसल्या पेट्या असतात रे इतक्या जड, हे पण विचारायची. आणि त्याने दोनदा सांगितलं होतं.

"नवल," तो म्हणाला, "हाई पोर मनी वळखनी शे."

मग त्याने सगळं सांगितलं. सकाळी बेबाबाईच्या आधी आपणच सुभेदारासमोर उभं राहायचं, हेही सांगितलं. पास जाईल. जाऊ दे. बेबाबाईचं नाव घेता घेता राहिलो, एवढं बस झालं.

नवल ऐकताना जमिनीकडे बघत होता. मग त्याने फोन घेतला आणि रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावलं. "कुरिअरमधून बोलतेय," एवढं ऐकून बंद केलं.

"तुले एकला जाऊ देवाव नही," तो म्हणाला. "सकाये पहिले मी बोलसू. मना फोनमा तिनं नाव मेघा शे."