राजीनाम्याचं कारण

बंद पडलेल्या एकसष्ट कंपन्यांवर शलाका प्रबंध लिहीत होती. त्यांतल्या बहुतेक ठिकाणी संचालकांनी आधीच प्रकृतीच्या कारणावरून राजीनामे दिले होते.

एका सकाळी तिचे मार्गदर्शक केळुसकर सर म्हणाले, "मी औषध कंपनीचं संचालकपद सोडतोय. प्रकृती साथ देत नाही."

सर रोज टेकडी चढून येत. प्रबंधावर त्यांची सही व्हायची होती, तरी शलाकानं विचारलं, "सर, तिथं नऊशे माणसं कामाला आहेत. खरं कारण काय?"

सरांनी टेबलावरचा राजीनाम्याचा कागद फाडून नवा लिहिला : 'लेखापरीक्षकांचा अहवाल संचालकांपासून लपवला गेला.'

"आता मला कुठलीच कंपनी बोलावणार नाही," म्हणत त्यांनी सही केली.