त्या गाण्यातलं हसू

त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या पत्राला त्याने कधी उत्तर दिलं नव्हतं. पत्र लहानसंच होतं. 'तुमच्या त्या गाण्यात मधेच कुणीतरी हसतं. मी मशीनवर बसले की ते गाणं लावते, आणि ती जागा आली की पाय थांबवते. हसणारं कोण, तेवढं कळवाल का?'

बँडमधल्या ठोक्याचे ड्रम पुसताना आज त्याला ते पत्र आठवलं. संध्याकाळी तालमीच्या याच खोलीत त्याच्या आठवणीसाठी लोक जमणार होते. ठोक्याला जाऊन आठवडा झाला होता.

तो स्वतः बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. ठोक्या चिडवायचा, "लेका, तुझा सूर कायम जरा उशिरा पडतो. पण पडतो, हे काय कमी आहे?" पुस्तकं वाचतो म्हणून बँडला येणारी पत्रं बाकीच्यांनी त्याच्याच गळ्यात मारली होती. चौथ्या अल्बमबद्दल कुणी लिहिलं, की तो त्याच दिवशी पानभर उत्तर धाडायचा. अशी पत्रं क्वचितच यायची. बाकी सगळी त्या गाण्याबद्दल. ती खोक्यात जायची.

चौथा अल्बम म्हणजे चौघांच्या काळजाचा तुकडा. एकेका सुरासाठी ते एकमेकांशी भांडले होते, रडलेही होते. लोक त्याला झोपेचं औषध म्हणाले. न खपलेल्या रेकॉर्डचे गठ्ठे अजून गायकाच्या माळ्यावर पडून होते.

आणि ते गाणं म्हणजे निव्वळ भरताड. पहिल्या अल्बममध्ये एक गाणं कमी पडत होतं आणि स्टुडिओची वेळ संपत आली होती. वाजवता वाजवता गायकाच्या गिटारचा पट्टा सुटला, गिटार गुडघ्यांवर घसरली, आणि ठोक्याला हसू फुटलं. पठ्ठ्याने ठेका मात्र सोडला नाही. पुन्हा वाजवायला टेप उरली नव्हती, म्हणून हसू तसंच राहिलं. लोकांनी नेमकं तेच डोक्यावर घेतलं. कार्यक्रमात ती जागा आली की अख्खा हॉल हसायचा, आणि हे चौघे ओठ आवळून वाजवत राहायचे.

दार ढकलून वहिनी आत आल्या. ठोक्याची बायको. डोळे कोरडे होते, पण चप्पल काढायचीही शुद्ध नव्हती.

"भावजी, संध्याकाळी ते गाणं लावायचं."

"कोणतं, वहिनी?"

"कोणतं काय? तुम्हाला सोडून सगळ्या जगाला आवडतं ते."

कोपऱ्यात वायरी सोडवत बसलेला गायक उठला. "वहिनी, आमचं ठरलंय. चौथ्या अल्बममधलं शेवटचं. त्यात ठोक्याने जे वाजवलंय ना, तसं पुन्हा कुणाच्या बापाला..."

"ऐकलंय मी. भांडून बसले असताना ऐकलंय, ते दौऱ्यावर असताना ऐकलंय. फार छान आहे. पण त्यात नुसते ड्रम आहेत हो. ते स्वतः कुठे आहेत?"

गायकाने त्याच्याकडे पाहिलं. बोलायची पाळी आली की सगळे त्याच्याकडे बघत, आणि तो जमिनीकडे बघे. आताही तो फडक्याची घडी घालत राहिला.

"वहिनी, मी त्याला शब्द दिलाय," तो शेवटी म्हणाला. "दवाखान्यात. हात धरून म्हणाला, माझ्यामागे ते टुकार गाणं लावलंत तर याद राखा, उठून बसेन."

"असं म्हणाले?"

"अगदी असंच."

वहिनींनी ड्रममागच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं.

"मग लावाच," त्या म्हणाल्या.



संध्याकाळी खोली मावेना इतकी माणसं आली. टक्कल पडलेली, काठी टेकणारी, नातवंडांना घेऊन आलेली. ही सगळी एके काळी हॉल डोक्यावर घेणारी. गायकाने पहिल्या अल्बमची रेकॉर्ड लावली. तो मात्र मागे भिंतीला टेकून उभा होता. त्या गाण्यात पहिल्यापासून त्याला खटकणाऱ्या जागा एकेक करून येत होत्या आणि जात होत्या. मग पट्टा सुटला ती जागा आली.

एवढी वर्षं त्या जागी लोक हसत आले होते. आज कुणी हसलं नाही. त्यामुळे ठोक्या एकटाच हसला, आणि पहिल्यांदाच नीट ऐकू आला. मोकळा, पोटातून, शेवटी जरा धाप लागलेला.

वहिनी स्टुलाकडे बघत होत्या. गाणं संपलं, सुई नुसतीच खरखरत राहिली, तरी त्या बघत होत्या.

घरी गेल्यावर त्याने खोकं काढलं. पत्राचा कागद घडीवर फाटत आला होता. बाई आता त्या पत्त्यावर असतील का, मशीन चालवत असतील का, मुळात असतील का, कोण जाणे. पानभर लिहायची सवय असलेला तो बराच वेळ कोऱ्या कागदापुढे बसला. मग एकच ओळ लिहिली: 'हसणारा आमचा ठोक्या.'

सकाळी त्याने कोपऱ्यावरच्या पेटीत पाकीट सोडलं, आणि हात फटीपाशीच ठेवून कान दिला. पेटी रिकामी असावी. पाकीट तळाला लागल्याचा आवाज यायला जरा उशीर झाला. पण आला.